शॉकअप नवे, आवाज जुनाच

पुण्यात धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर, डाव्या चाकाच्या बरोब्बर वाटेत, ड्रेनेजचं एक चेंबर आहे. रस्त्याचं डांबर दोनदा चढलं, झाकण मात्र होतं तिथंच राहिलं. त्यामुळे चाक दोन बोटं खाली उतरतं आणि लगेच वर येतं. पुढचे दोन्ही शॉकअप, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, नवे टाकून गाडी घरी आणली, त्याच संध्याकाळी या चेंबरवर डावीकडून 'टक्' झालं. नवऱ्याला म्हटलं, "ऐकलंस?" तो म्हणाला, "नवीन आहेत, बसतील हळूहळू."

गॅरेजवाल्यानेही दुसऱ्या दिवशी फोनवर हेच सांगितलं. हे 'बसतील' प्रकरण आधीच निकालात काढते, कारण त्यापायी माझे तीन आठवडे गेले. नवं रबर थोडं बसतं, स्प्रिंग तिच्या वाटीत केसभर सरकते, हे खरं. पण लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज बसत नाही. तो असतो तसाच राहतो, नाहीतर वाढतो.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ८७ हजार किलोमीटर झालेली. सासर साताऱ्याला, त्यामुळे महिन्यातून दोनदा खंबाटकी घाट. उतारावर ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालायची, आणि स्पीडब्रेकर ओलांडल्यावर दोन-तीनदा डोलत राहायची. डाव्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा थर. म्हणजे बदलायचे होतेच, त्याबद्दल वाद नाही. बदलल्यावर गाडी सरळसूत चालायला लागली, डोलणं थांबलं, नाक खाली जाईना. फक्त आवाज आला, जो आधी नव्हता.

यात गॅरेजवाला फसवतोय असं लगेच मानू नका. लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुतेक मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच जोडणीत. मारुती ८०० लाही तोच होता. शॉकअपची नळी खाली चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी तुकडा) दोन बोल्टांनी धरलेली, तिच्याभोवती स्प्रिंग, आणि शॉकअपचा दांडा वर माउंटमधून बाहेर येऊन एका नटाने आवळलेला. हा माउंट म्हणजे रबर आणि पत्र्याची जाड चकती, बॉनेटखाली दोन्ही कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या टोपीखाली दिसते ती. शॉकअप मेलेला असतो तेव्हा दांड्यातून वर फारसा जोर जातच नाही, स्प्रिंग आपली एकटी उड्या मारत असते. नवा शॉकअप प्रत्येक खड्ड्याला विरोध करतो, आणि तो विरोध दांड्यातून माउंटवर, खाली लिंक रॉडवर (एक बारीक जोडदांडी), चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मच्या रबरी बुशवर जातो. जे कालपर्यंत ढिलं असून गप्प होतं, ते आज बोलायला लागतं. म्हणून नव्या शॉकअपनंतरचा आवाज बहुतेक वेळा शॉकअपचा नसतोच. तो शेजाऱ्याचा असतो, किंवा बसवणाऱ्याच्या हाताचा.

पहिल्या फेरीत मिस्त्री माझ्याबरोबर ट्रायलला आला. एसी चालू, काचा बंद, आणि निवडलेला रस्ता नऱ्ह्याकडचा नुकताच डांबर टाकलेला. "ताई, मला तर काहीच ऐकू येत नाही." मी म्हटलं, दादा, एसी बंद करा आणि गाडी माझ्या गेटापाशी घेऊन चला. चेंबरवर टक् झालं, तेव्हा त्याने मान हलवली. मग गाडी लिफ्टवर चढवली, चाक वर-खाली, आडवं हलवून पाहिलं, टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून आर्म ढकलला. सगळं टाइट. परत खाली.

मला नंतर कळलेली सगळ्यात कामाची गोष्ट इथेच आहे. दोन खांबी लिफ्टवर गाडी बॉडीखाली धरून उचलतात, चाकं लोंबकळतात. लोंबकळलेल्या चाकामुळे शॉकअप पूर्ण ताणला जातो, लिंक रॉड एका बाजूला ओढून धरलेला असतो, जिथे जिथे खेळ आहे तिथे तिथे तो एका टोकाला जाऊन घट्ट बसतो. हाताने हलवून काही कळत नाही. हा आवाज गाडीचं वजन चाकांवर असताना येतो, तेव्हा तो शोधायचाही वजन चाकांवर असतानाच. त्यासाठी व्हील अलाइनमेंटवाल्याकडचा, चाकं वर ठेवून गाडी चढवायचा रॅम्प लागतो. तो नसेल तर बरंचसं काम पार्किंगमध्येही होतं.

दुसऱ्या फेरीत गॅरेजने दोन्ही लिंक रॉड बदलले आणि 'डावा लोअर आर्मही गेलाय' म्हणून तोही बदलला. लिंक रॉड खरंच गेले होते, जुना हातात घेतला तर त्याची गोळी बोटाने गरागरा फिरत होती. पेव्हर ब्लॉकवरची बारीक कटकट त्याच दिवशी थांबली. चेंबरवरचं टक् मात्र तसंच. आणि आर्म गेला होता की नाही ते आजही मला पटलेलं नाही, पण त्याने पुढे काय केलं ते खाली येईलच.

दोन आवाज होते, एक गेला. हे कळायलाही मला दोन दिवस लागले, कारण आपण 'आवाज' असं एकवचनी म्हणतो. गॅरेजला सांगतानाही 'पुढून आवाज येतो' एवढंच सांगतो. डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय' म्हणावं तसं.

मग एका रविवारी सकाळी मुलाला उठवलं. तो अकरावीला, गाडीत रस आहे, अभ्यासात आहे की नाही विचारू नका.

पहिलं काम गाडी रिकामी करणं. हसू नका. डिकीतून जॅक, पाना, स्टेपनीवरचा सैल फिरकी बोल्ट, माहेरहून लोणचं आलेली रिकामी काचेची बरणी आणि दोन छत्र्या निघाल्या. जॅक त्याच्या खाचेत नव्हता, नुसता पडलेला. आमचा आवाज पुढचा होता, तरी गाडीत आवाज कुठून येतो ते कान नीट सांगत नाही. बंद डब्यात आवाज फिरतो. सीटबेल्टची बक्कल खांबावर आपटते तीही सस्पेन्शनसारखी ऐकू येते. डॅशबोर्डच्या कप्प्यातली नाणीसुद्धा.

दुसरं काम रस्ता निवडणं. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण पैसे न घालता अर्धं निदान इथे होतं. पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक आडवी सळई असते, अँटी रोल बार. लिंक रॉड तिच्या दोन टोकांना असतात. दोन्ही चाकं एकदम, सारखीच वर गेली तर ही सळई आपल्या बुशांत नुसती फिरते, तिला पीळ बसत नाही, लिंक रॉडवर जवळजवळ काहीच जोर येत नाही. एकच चाक वर-खाली गेलं की मात्र पीळ बसतो आणि लिंक रॉड ओढला जातो. म्हणजे सरळ आडव्या अडथळ्यावरून काटकोनात गेलात आणि गाडी गप्प, पण एकाच चाकाखालच्या खड्ड्यावर आवाज, तर संशय लिंक रॉडवर आणि बारच्या बुशांवर. दोन्ही प्रकारच्या अडथळ्यांवर सारखाच आवाज आला तर संशय माउंट, वरचा नट, नकलचे बोल्ट, शॉकअप स्वतः.

यासाठी चांगला आडवा अडथळा हवा, आणि पुण्यात तोच मिळत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता येईल असा गोलसर. आमच्या गल्लीतला म्हणजे कुणीतरी रात्रीत ओतलेला डांबराचा उंचवटा, एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बाइकवाल्यांसाठी कापलेला. मी शेवटी सिंहगड रस्त्यावरच्या नव्या उड्डाणपुलाचे सांधे वापरले. रविवारी सकाळी सात वाजता, खिडक्या उघड्या, मागे कुणी नाही हे बघून. सांधा आडवा आणि सरळ असतो, दोन्ही चाकं एकदम जातात. प्रत्येक सांध्यावर डावीकडून टक्. म्हणजे लिंक रॉडचा काहीही संबंध नव्हता. नवे टाकून झाल्यावर हे कळलं असं म्हणाल, तर हो, पण जुन्यांनाही जायचंच होतं.

मग ब्रेकची चाचणी. कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यात, पॅड सैल असले, त्यांच्या पत्र्याच्या क्लिपा पुन्हा बसवायच्या राहिल्या, तर खडबडीत रस्त्यावर पॅड खडखडतात आणि माणूस शॉकअपला शिव्या देतो. खडबडीत पट्ट्यावर हळू जाताना ब्रेकवर नुसता पाय टेकवायचा. आवाज थांबला तर पॅड. आमचा थांबला नाही.

उभ्या गाडीत स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघितलं, बाहेर मुलाने स्प्रिंगवर बोटं टेकवून ठेवली. स्प्रिंग वाटीत नीट बसली नसेल किंवा माउंटचं बेअरिंग अडकत असेल, तर स्प्रिंग पीळ खाते आणि मग एकदम सुटते, तंबोऱ्याची तार तुटावी तसा 'टँग'. हाताला ते नुसतं ऐकण्यापेक्षा जास्त कळतं. स्प्रिंगच्या वेढ्यात बोट घालायचं नाही, बाहेरून टेकवायचं. आमच्याकडे स्प्रिंग गुमान फिरत होती.

राहिला वरचा नट. बॉनेट उघडलं, डावीकडची प्लॅस्टिकची टोपी काढली. मी नटावर तीन बोटं ठेवली, आणि मुलाने पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात टेकवून गाडी दाबली, सोडली, दाबली. तिसऱ्यांदा सोडल्यावर बोटांना टिचकी लागली. आवाज इतका बारीक की ऐकू आला नसता, पण नखाखाली स्पष्ट जाणवली. उजवीकडे तसंच केलं, काही नाही. परत डावीकडे, टिचकी. "आई, सापडला," तो म्हणाला. म्हटलं, थांब.

सोमवारी गॅरेजमध्ये हेच दाखवलं. मिस्त्रीने अॅलन कीने दांडा धरला, वरून पाना लावला, जोर दिला. नट हलला नाही. "ताई, नट फुल टाइट आहे. याच्यापुढे तुटेल." आणि तो खोटं बोलत नव्हता.

इथे मला माझ्या नेलपॉलिशचा उपयोग झाला. घरी येऊन नट आणि दांड्याच्या टोकावर मिळून एक सरळ लाल रेघ मारली, दुसरी नट आणि माउंटच्या पत्र्यावर. चार दिवस गाडी चालवली, सातारा करून आले. रेघा जशाच्या तशा, एकमेकींना जुळलेल्या. नट ढिला होत नव्हता. तरीही दांडा टिचकी मारत होता. तेव्हा घोळ असा, की नट टाइट होता पण धरत नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मुलाने टॉर्च धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि मोठे करून बघत बसला. मग म्हणाला, "डावीकडे नटाच्या वर सहा आटे दिसतायत. उजवीकडे चारच."

शॉकअप दोन्ही सारखे, नट सारखे, माउंट सारखे. मग डावा नट दोन आटे खाली का गेला? बारा एमएमच्या या दांड्याचा आटा सव्वा मिलिमीटरचा, दोन आटे म्हणजे अडीच मिलिमीटर. तेवढी जाडी डावीकडे कुठेतरी कमी होती.

मी कुठलंही काम केलं की जुने पार्ट मागून घेते. गॅरेजवाल्यांना ते आवडत नाही, भंगारात त्यांचे चार पैसे होतात. म्हणून जुने शॉकअप गॅलरीत गोणपाटात पडले होते. ते जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. उजव्याच्या दांड्यावर, जिथे दांडा जाडचा बारीक होतो त्या खांद्यावर, काही नव्हतं. डाव्याच्या खांद्यावर गंजाची एक जाड कड दिसत होती, मी तिला दांड्याचाच भाग समजले असते. स्क्रूड्रायव्हरची कड लावून हातोडीचा हलका ठोका दिला, तशी ती सुटून फरशीवर गरगरली. वॉशर. पट्टीने मोजला, तीन मिलिमीटरला थोडा कमीजास्त.

माउंट या वॉशरवर बसतो आणि वरून नट त्याला दाबतो. उजवीकडचा वॉशर सुटून हातात आला असणार, मिस्त्रीने तो नव्या शॉकअपवर चढवला. डावीकडचा गंजून दांड्याला चिकटला, जुन्या शॉकअपबरोबर बाहेर गेला, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. वॉशर नसल्यामुळे माउंट तीन मिलिमीटर खाली बसला, नटाला तेवढं जास्त खाली यावं लागलं, पण अडीच मिलिमीटरवर आटे संपले. नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडला. पान्याला पूर्ण जोर लागतो, मिस्त्रीचा दंड सांगतो 'फुल टाइट', जोर मोजणारा टॉर्क रेंचही टक् करून सांगेल की झालं. आणि माउंट आणि नटामध्ये अर्धा मिलिमीटर मोकळी जागा. त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये दांडा प्रत्येक खड्ड्याला वर आपटत होता.

गॅरेजमध्ये वॉशर टेबलावर ठेवला, फोटो दाखवले. मिस्त्री बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे माझ्याकडून राहिलं ताई." डावा स्ट्रट परत उतरवला, वॉशर पॉलिशपेपरने घासून चकचकीत केला, चढवला, नट आवळला. बाहेर चार आटे. पैसे घेतले नाहीत. आमचं नातं आता पहिल्यापेक्षा बरं आहे.

हे वाचून कुणी घरी हा नट सोडवायला जाऊ नका. आवळला आहे का हे बघणं वेगळं, सोडवणं वेगळं. त्या नटाखाली दाबून बसवलेली स्प्रिंग असते, तिला कॉम्प्रेसर न लावता नट निघाला तर काय होईल ते लिहायची इच्छा नाही. बोटं टेकवणं, आटे मोजणं, नेलपॉलिश लावणं, एवढ्यावर थांबा.

हा नट इम्पॅक्ट गनने आवळणं हेही बऱ्याच गाड्यांच्या दुखण्याचं मूळ असतं. गन फिरते, तिच्याबरोबर दांडाही फिरतो, आणि आवाजावरून वाटतं की टाइट झालं. दांडा अॅलन कीने धरून हातानेच आवळायचा, शेवटी टॉर्क रेंच. लहान गाड्यांत तो आकडा साधारण चाळीस ते साठ न्यूटन-मीटरच्या घरात असतो, नेमका तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. काही जण दांडा फिरू नये म्हणून त्याच्या चकचकीत भागाला ग्रिप प्लायर लावतात. तसं केलेलं दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा. त्या ओरखड्याने तेल अडवणाऱ्या सीलचा ओठ कापला जातो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत तेल गाळायला लागतो.

तर टक् गेलं. गोष्ट संपायला हवी होती. आठ दिवसांनी सोसायटीच्या उतारावर 'चर्रर्र'. जुन्या दारासारखं, हळू जाताना, डावीकडून. मी अक्षरशः गाडीतच डोकं स्टेअरिंगला टेकवलं.

दुसऱ्या दिवशी जुलैचा पाऊस, आणि आवाज गायब. दोन दिवसांनी ऊन पडलं, आवाज हजर. यावरून एवढं कळलं की हे रबर आहे, कोरडं रबर. रबरी बुशाचा आवाज शोधायला पाण्याची बाटली पुरते. झाकणाला भोक पाडलेली, जुनी असली तरी चालेल. एका बुशवर पाणी मारायचं, गाडी दाबून बघायची. आवाज थांबला नाही तर पुढचा. आम्ही आधी बारचे बुश भिजवले, मग लोअर आर्मचा मागचा, मग पुढचा. पुढच्या बुशला पाणी लागलं आणि चर्रर्र तत्काळ बंद. आर्म तोच, गॅरेजने कारण नसताना बदललेला.

नव्या बुशला आवाज का? हा बुश म्हणजे आत एक लोखंडी नळी, भोवती रबर, बाहेर दुसरी नळी. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पकडली जाते, मग आर्म वर-खाली होतो तेव्हा रबरच पीळ खातं, बोल्ट फिरत नाही. गाडी लिफ्टवर, चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबकळत्या स्थितीलाच आपली मूळ जागा समजतं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेल्या अवस्थेत. करकरतं, आणि लवकर फाटतं. उपाय फुकटचा आहे. अलाइनमेंटच्या रॅम्पवर गाडी तिच्या वजनावर उभी करून बोल्ट सैल करायचा, गाडी दोन-तीनदा दाबून सोडायची, मग आवळायचा. आमचं पंधरा मिनिटांत झालं. मागच्या शॉकअपच्या खालच्या डोळ्यातला बुशही याच जातीचा, त्यालाही हाच नियम.

करकर थांबवायला बुशवर ऑइल, ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. पेट्रोलियम तेलाने साधं रबर फुगतं, मऊ पडतं. फारच असेल तर सिलिकॉन स्प्रे, तोही शोधण्यापुरता.

आमच्याकडे न झालेले दोन-चार प्रकारही टिपून ठेवते. शॉकअप दुकानात आडवा पडून असतो, त्यामुळे आतली हवा तेलाच्या कप्प्यात शिरते. बसवण्याआधी उभा धरून चार-पाचदा पूर्ण दाबून ओढायला हवा. तसं केलं नाही तर सुरुवातीला 'चुक्-चुक्' ऐकू येतं, ते बहुतेक वेळा चालता चालता जातं. 'बसेल' म्हणायची मुभा एवढ्या एकाच आवाजाला. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमध्ये परत अडकवायची राहिली, तर ती आतल्या प्लॅस्टिकवर टपटप वाजते, बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि वायर तुटायच्या आत बघितलेली बरी. बंप स्टॉपर (दांड्यावरचा रबरी ठोकळा) जुन्या दांड्यावरून काढून नव्यावर घालायचा राहिला, तर मोठ्या खड्ड्यात 'धप्' असा आवाज येतो, लहान खड्ड्यांत काहीच नाही. आणि गिअर टाकताना किंवा क्लच सोडतानाही तसाच ठोका येत असेल, तर सस्पेन्शन सोडा, इंजिनचे माउंटिंग बघा.

गॅरेजला देण्याआधी आता मी तीन गोष्टी ठरवून घेते. शॉकअपबरोबर वरचा माउंट, बेअरिंग, बंप स्टॉपर आणि धुळीचा बूट नवेच. नाना पेठेत सगळं एका फेरीत मिळतं आणि मजुरी एकदाच पडते. आठ-दहा वर्षं जुना माउंट 'चांगला आहे' म्हणून परत बसवण्यात वाचतात ते पैसे दुसऱ्यांदा स्ट्रट उतरवायला जातात. दुसरं, जुने पार्ट माझ्यासमोर, जसे निघाले त्या क्रमाने, कापडावर मांडून ठेवायचे. तिसरं, शेवटचे बोल्ट गाडी जमिनीवर असताना, आणि त्यानंतर अलाइनमेंट, कारण नकलचे बोल्ट सोडले की चाकाचा कोन बदललेला असतोच.

पुढच्या महिन्यात मागचे शॉकअप आहेत. आमच्या गाडीत त्यांच्या वरच्या टोकाला रबर, वाटीसारखा वॉशर, पुन्हा रबर असा क्रम आहे, आणि वाटी उलटी बसली तर रबर कडेने चेपतं आणि आठवड्याभरात टकटक सुरू. जुने शॉकअप अजून गाडीतच आहेत, तोवर मुलाने खाली वाकून दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवलेत, आट्यांसकट.